दुडकी की चौखूर

३ मार्च, सोमवार

हर्षालीने ही वही आणली. दोनशे पानी, आखीव. म्हणाली, "आजी, रोज चार ओळी लिहायच्या. मनातलं लिही."

मी म्हटलं, "मनातलं मी लोकांच्या तोंडावर बोलते. वहीसाठी काय उरणार?"

"तरी लिही. आणि ओळीवर लिही हं, खाली उतरू नको."

चौथी नापास असले तरी ओळीवर लिहायचं मला कळतं. ही माझी नात, दिनेशची मुलगी. नाशकात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिथे उभं राहून राहून तिला दिसेल त्याला चष्मा लावावासा वाटतो.

पहिल्या पानावर आपली माहिती लिहायची असते म्हणे. मी कुसाबाई. वय बहात्तर असेल, चौऱ्याहत्तर असेल, आधार कार्डावर तिसराच आकडा आहे. नवरा कारभारी. पंचवटी कारंज्यावर त्याचा टांगा होता, तीस वर्षं. तो वारल्यावर घोडा विकला. त्या दिवशी मी जास्त रडले असं जाऊबाई म्हणते. घोडा शहाणा होता, एवढंच मी सांगेन.

आता दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढे, गावातच असते. गावच्या यात्रेत टांग्यांची शर्यत होते, तिथे मी चालीची पंच. अकरा वर्षं झाली. बस. हात दुखला.

५ मार्च, बुधवार

या वहीच्या रेघा फार फिक्या छापल्या आहेत. शाई वाचवतात मेले. पैसे मात्र पुरते घेतात.

९ मार्च, रविवार

योगेश येऊन गेला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष. जमिनीची दलाली करतो, म्हणून बसल्या जागी खुर्ची मोजून घेतो. कमिटीत सात माणसं. त्यातली पाच त्याच्या भावकीची, सहावा त्याचा मेव्हणा राज, आणि सातवा बहिरा. याला ते लोकशाही म्हणतात.

म्हणाला, "आजी, यंदा हनुमान जयंतीला शर्यत. परवानगी काढतोय. चाबूक नाही, खिळा नाही, डॉक्टर येऊन जनावर तपासणार."

मी म्हटलं, "चांगलं आहे. कमिटी पण तपासून घे त्याच्याकडून."

हसला. मग म्हणाला, "तुम्ही बसणार ना बाकावर? नाही, पोरं म्हणतात यंदा कॅमेरा लावू."

"कॅमेऱ्याला चाल कळते का?"

"नाही कळत."

"मग?"

गेला. आमच्या शर्यतीचा नियम एकच आहे आणि तो शहरातल्या माणसाला समजायला वेळ लागतो. घोड्याने दुडकी चालीनेच पळायचं. कितीही जोरात पळा, पण दुडकी. चौखूर उधळला तर टांगेवाल्याने दहा पावलांत त्याला ओढून परत दुडकीवर आणायचा. नाही आणला तर बाद. रेषेवर पहिला कोण आला ते शेंबडं पोरही सांगेल. चाल ओळखायला कान लागतो. दुडकीत दोन ठोके पडतात, टप टप, टप टप, जात्यासारखे सारखे. चौखूर झाला की तीन ठोके आणि मग एक पोकळी, घोडा हवेत असतो ती. मी ती पोकळी ऐकते. तीस वर्षं दारात टांगा यायचा त्या आवाजावर भाकरी तव्यावर टाकली आहे मी.

हर्षालीने वही पाहिली. वाचली नाही. नुसती पानं चाळली, वही आडवी धरून एका डोळ्याने पाहिली आणि परत दिली. हल्लीच्या पोरींचं काही कळत नाही.

१६ मार्च, रविवार

भिका घोडी दाखवायला आला. हा सुरगाण्याकडचा. पंधरा वर्षांपूर्वी द्राक्षांच्या कामाला आला, मळ्यातच राहिला. माणूस चाळिशीचा, बोलतो कमी. पेठ रोडच्या वरातवाल्याने काढून टाकलेली कुमैत, म्हणजे गडद तांबड्या रंगाची, घोडी त्याने तीन वर्षांपूर्वी घेतली. बँड वाजला की नवरदेवाला घेऊन मागे सरकायची म्हणून विकली होती. तिला कान आहेत, याचाच पुरावा तो.

मी ओट्यावर डोळे मिटून बसले. भिकाने रस्त्याने दोन चकरा मारल्या. लगाम कमी ओढतो, ओरडत नाही, नुसतं च्च च्च करतो. ठोके असे पडत होते की मधे सुपारी ठेवली तर फुटेल, पण ठोका चुकणार नाही.

"कशी वाटती आजी?"

"पंचाला विचारू नये."

"बरं."

वहीत लिहायला हरकत नाही. पंच झाल्यापासून मी एक रुपया लावलेला नाही. त्याआधी दर यात्रेला लावायचे, जिंकायचे पण. आता मनातल्या मनात लावते. यंदा शंभर, भिकाच्या घोडीवर.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. दिनेश रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून पिवळा होऊन आला. पन्नाशीचा घोडा. चहा ओतताना बशीबाहेर गेला. कप आता वाकडे करतात.

२७ मार्च, गुरुवार

बायडाबाई दुपारी येऊन बसली. शेजारीण. जावयाने तिला फोनवर पैसे लावायला शिकवलं आहे. क्रिकेट, घोडे, काय वाट्टेल ते. कुठल्या देशात कुठला घोडा पळतो, हिला नाव वाचता येत नाही, पण वीस रुपये लावून बसते.

मी म्हटलं, "घोडा पाहिलास का?"

"फोटो असतो ना."

"फोटोत पाय हलतात का?"

"तू जुनी झालीस कुसा. आता आकडा बघायचा."

माझं मत लिहून ठेवते. जनावर न बघता पैसे लावतो तो शौकीन नव्हे, तो नुसता पैसे टाकणारा. कारभारी मला दोनदा पुण्याच्या रेसला घेऊन गेला होता. टांगेवाल्यांची टोळी असायची, डब्यात भाकरी. बाकी लोक पुस्तकात डोकं घालून बसायचे. कारभारी मला कठड्याला उभं करायचा, घोडे पायी फिरवतात तिथे, आणि म्हणायचा, बघू नको, ऐक. दुसऱ्या वेळी आम्ही येताना फर्स्ट क्लासने आलो. पहिल्या वेळी कसे आलो ते लिहीत नाही.

पुण्याची एक गोष्ट मला पटली. शर्यत संपली की लगेच पैसे देत नव्हते. जॉकीचं वजन करायचे, कुणाला तक्रार करायची तर करू द्यायचे, वर बसलेले साहेब लोक ती ऐकून घ्यायचे. तोवर सगळे तिकीट हातात धरून उभे. आमच्याकडे तसं काही नाही. आमच्याकडे पंचाचा शब्द शेवटचा. हा नियम मीच लिहून घेतला अकरा वर्षांपूर्वी, कारण तेव्हा दर शर्यतीनंतर मारामारी व्हायची. आता होत नाही.

संध्याकाळी हर्षालीने परत वही आडवी धरून पाहिली. मग म्हणाली, "आजी, एकदा डॉक्टरकडे येशील का?" मी म्हटलं, मला काय झालंय? ती म्हणाली, काही नाही.

५ एप्रिल, शनिवार

राज त्याचा घोडा घेऊन ओट्यासमोरून तीनदा गेला. मला दाखवायला. सारंगखेड्याच्या बाजारातून आणला आहे, तोही कुमैत, जरा गडद. पैसा पुष्कळ गेला म्हणतात. घोडा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण राजचा हात जड. लगाम ओढतो, मग सोडतो, परत ओढतो, आणि सतत हो हो हो करत राहतो, गाडी मागे घेतल्यासारखा. घोड्याला कळत नाही पळायचं की थांबायचं.

गल्लीतले दिवे बदलले आहेत. नव्या दिव्यांना भोवती रिंगण पडतं. बायडाबाई म्हणते तिला पडत नाही. तिचं लक्षच नसतं.

१२ एप्रिल, शनिवार

शर्यत झाली. दमले आहे, थोडक्यात लिहिते.

चौदा टांगे आले. डॉक्टरने सगळी जनावरं तपासली, एकाच्या तोंडात जखम होती त्याला परत पाठवला. बरोबर केलं. चाबूक कुणाकडे नव्हता. संध्याकाळी शेवटची जोडी लागली ती भिका आणि राज. चिठ्ठी टाकली. भिका उजवीकडे, राज डावीकडे.

निघाले तेव्हा दोन्ही दुडकीत. मी बाकावर, लाल निशाण मांडीवर. पाटाच्या वळणानंतर धुरळा उठला. सूर्य समोर होता, रस्ता सगळा नुसता पांढरा. पण कान होते. वळण संपता संपता एक घोडा चौखूर झाला. तीन ठोके आणि पोकळी. मी मोजलं. दहा, अकरा, बारा, तेरा. उजव्या बाजूचा. निशाण वर केलं आणि ओरडले, "भिका बाद!"

भिकाने टांगा बाजूला घेतला. राज एकटाच रेषेवर आला. ढोल वाजले, योगेशने मेव्हण्याला खांद्यावर घेतलं, ट्रॉफी एवढी मोठी की टांग्यातून न्यावी लागली.

मनातले शंभर गेले. गेले तर गेले. निदान कुणी म्हणणार नाही की बाई आपल्या घोड्याकडे झुकली.

१३ एप्रिल, रविवार

घोडी चालीची पक्की होती. मग का उडाली? जनावर आहे, होतं असं. पण तिच्यासारखी घोडी तेरा पावलं? आणि भिकाने तिला ओढली कशी नाही? विचार करून उपयोग नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

हर्षालीने शनिवारी फोनवर शर्यत टिपली होती. माझ्या बाकाशेजारीच उभी होती. आज जेवताना तिने ती लावली. मग परत लावली. मी म्हटलं, एकदा पाहिलं ना? ती म्हणाली, "बघत बस आजी." आणि तिसऱ्यांदा लावली.

पडदा केवढासा. मी कंटाळून डोळे मिटले. आणि मग ऐकलं.

आधी दुडकी, दोन घोड्यांची, एकमेकांत मिसळलेली. मग तीन ठोके, पोकळी. आणि त्याच्यावर, अगदी त्याच क्षणी, राजचा आवाज. होs हो, होs हो, हो रे! जीव तोडून.

मी घास खाली ठेवला.

आपला घोडा उधळला नसेल तर टांगेवाला हो हो कशाला करील? शेजारच्याचा घोडा उधळला तर तो खूश होईल. आणि भिकाचं च्च च्च त्या सगळ्याच्या खाली, तसंच, सारखं. आपली घोडी उधळलेला माणूस च्च च्च करत नाही.

"परत लाव," मी म्हटलं.

हर्षालीने चौथ्यांदा लावली.

१६ एप्रिल, बुधवार

बायडाबाईला विचारलं. ती वळणावर बसली होती, पापड विकत.

"वळणावर काय झालं गं?"

"काय व्हायचं? राजने आतून घुसवला की. भिक्याला डावीकडे ढकललं. लगेच त्याचा घोडा उडाला."

"कुणाचा?"

"राजचा. मला तर वाटलं गेले माझे पाचशे. मग तू भिक्याला बाद केलंस. देव पावला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कोण बोलणारी बाई? पंचाचा शब्द शेवटचा. तूच लिहून घेतलंय ना?"

म्हणजे वळणावर बाजू बदलल्या आणि मला कळलं नाही. कानाने बरोबर पकडलं आणि बोट चुकीच्या माणसाकडे केलं. चिठ्ठीत उजवा म्हणून उजवा. ऊन डोळ्यात होतं, हे खरं आहे. पण ऊन दर वर्षी तिथेच असतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

कळलं की भिका रविवारी घोडी विकतो आहे. हर्षालीला म्हटलं, स्कूटर काढ.

मळ्यात द्राक्षं संपली आहेत. भिका शेडखाली खोकी रचत होता.

"ये आजी, बस."

"घोडी कुठंय?"

"तिकडं. रविवारी जायाची. वरातवाला नेनार, जिथून आणली तिथंच."

"का?"

"चाल मोडती तिची. आता कोन घेनार? वरातीत चालंल."

"तुला कुणी सांगितलं चाल मोडते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तूच."

तोच बोलत राहिला, एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. "मला कळलंच नाय बघ. लगाम ढिला लागत होता. घोडी उडाली की लगाम हातात येतो ना, खेचतो. तसं काय नाय. मी बोललो, माझा हातच गेला. सगळा हंगाम कात्री धरून बोटं बधिर झाली असतील. मग ज्याला हातात कळत नाय त्यानं घोडी कशाला ठेवायची?"

म्हणजे ट्रॉफी गेली त्याचं त्याला काहीच नव्हतं. माझ्या बोटावर विश्वास ठेवून हा आपला हात टाकून बसला होता.

मी सांगितलं. उगीच गोल गोल फिरवलं नाही. "भिका, तुझी घोडी दुडकीतच होती. उधळला तो राजचा. मी चुकीचं निशाण केलं. तुझा हात बरोबर होता."

मला वाटलं होतं तो रागावेल, नाहीतर खूश होईल. त्याने एक खोकं उचललं, ठेवलं, आणि म्हणाला, "तू बोलतीस म्हणून खरं मानू? तेव्हाबी तूच बोलली होतीस."

बहात्तर वर्षांत मला गप्प करणारा हा दुसरा. पहिला कारभारी.

"मग काय करू?"

"माझ्या हातालाच कळाया पायजे. दुसरं काय नाय."

"वरातवाल्याला चार दिवस थांबव."

"थांबवतो. पन चारच."

१९ एप्रिल, शनिवार

योगेशकडे गेले. राज तिथेच होता, ट्रॉफी टीव्हीवर. टीव्ही अर्धा झाकला गेला आहे, तरी कुणी हलवत नाही.

सगळं ऐकून योगेश म्हणाला, "आजी, आता काय उपयोग? पंचाचा शब्द फिरत नाही. तुम्हीच..."

"मीच लिहून घेतलं, पाठ झालंय ते. तेव्हा मला वाटलं होतं लोक पंचाचा शब्द फिरवायला येतील. पंचच चुकेल हे कुणी लिहिलं नाही."

"परत शर्यत लावता येणार नाही. परवानगी एका दिवसाची होती."

"शर्यत कोण म्हणतं? सकाळी सहाला दोन टांगे पाटावरून जाणार, नेहमीच्या चालीने. बक्षीस नाही, ढोल नाही, पैसे नाहीत. टांगा चालवायला पण परवानगी लागते का?"

मग राजकडे वळले. "तू हो हो हो करत होतास ते कुणासाठी रे? पाटातल्या म्हशीसाठी?"

तो म्हणाला, "तुम्ही त्याला बाद केलंत. मी कशाला बोलू?"

"बरोबर. तू कशाला बोलशील. तुझा घोडाच बोलला. येतोस का मंगळवारी?"

योगेश म्हणाला, "जायची गरज नाही."

राजने ट्रॉफीकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो. पण ट्रॉफी देणार नाही."

"ठेव. टीव्हीला सावली होते."

२२ एप्रिल, मंगळवार

नीट सगळं लिहिते, कारण हे मला नंतर वाचायचं आहे.

सकाळी सहाला पाटावर थंड होतं. मी, हर्षाली, बायडाबाई. योगेश पण आला, फिरायला आलोय म्हणाला, नव्या चपला घालून. मी बाक उलटा करायला लावला. रस्त्याकडे पाठ केली. समोर द्राक्षांच्या मांडवाचे खांब, दुसरं काही नाही. निशाण हर्षालीच्या हातात दिलं.

"मी चौखूर म्हणेन, दहा मोजेन, बाद म्हणेन. कोण ते तू बघायचं. मी नुसता कान, तू नुसते डोळे. मला बोलून काही सुचवायचं नाही."

"आणि तुला कळलं कोण आहे तर?"

"तरी मी बोलणार नाही."

निघाले. लांबून दोन टांग्यांचा आवाज एकच वाटतो. वळण आलं, वळण गेलं, दोन्ही दुडकीत. राज कमी ओरडत होता, शिकतो आहे म्हणायचं. भिकाचं च्च च्च ऐकू यायला लागलं. जवळ आले, अगदी जवळ. मला वाटलं झालं, आता सरळ रेषेवर जातील.

आणि तुटलं. तीन ठोके, पोकळी.

"चौखूर!"

एक, दोन, तीन. मी राजच्या हो हो ची वाट पाहत होते. खोटं कशाला लिहू, देवाकडे मागितल्यासारखी वाट पाहत होते. चार, पाच. हो हो आलं नाही. ऐकू आलं ते च्च च्च थांबलेलं. मग भिकाचा आवाज, त्याच्या बोलीत, काहीतरी हळू, समजावल्यासारखा. आठ, नऊ, दहा. ती आली नाही दुडकीवर.

"बाद!"

निशाण फडफडल्याचं ऐकू आलं नाही.

"कोण?"

"आजी..."

"कोण गं? डोळे दिलेत ना तुला?"

"भिकादादा."

"मग निशाण कर त्याच्याकडे. हात जड झाला का?"

तिने केलं. मी पाठ करूनच बसले होते. राज रेषेवरून गेला, कुणी टाळी वाजवली नाही, योगेशनेसुद्धा नाही. मला वाटलं, कुसाबाई, हे काय करून बसलीस. निदान आधी त्याला एवढी तरी आशा होती की आपला हात बरोबर असेल.

टांगा मागून आला. थांबला. घोडीचा श्वास माझ्या मानेवर. भिका उतरला, आणि हसत होता. मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं कधी.

"आजी, हात शाबूत हाय."

"काय?"

"आज खेचला ना लगाम! अस्सा, पान्याची मोटर चालू होती तसा. खांद्यापर्यंत कळलं. त्या दिवशी असं काय नव्हतंच. म्हंजे त्या दिवशी ती उडालीच नव्हती." त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले, मी तपासून घ्यावेत असे. "तू खरं बोललीस."

"आज हरलास की रे."

"आज हरलो ते बरोबर हरलो. मांडवावरची पिशवी उडाली, ती दचकली. पिशवीला घोडी उडते, ती काय चाल मोडनं नाय."

"आणि वरातवाला?"

"त्याला काय, दुसरी घेईल."

राज टांगा वळवून आला. उतरला नाही. म्हणाला, "भिका, त्या दिवशी माझाच उडाला होता." एवढंच म्हणाला आणि घरी गेला. ट्रॉफीबद्दल बोलला नाही. मी पण नाही.

येताना हर्षालीने विचारलं, "आजी, त्या दिवशी ऊन डोळ्यात होतं म्हणालीस. आज सकाळी ऊन नव्हतं. मग पाठ का केलीस?"

मी म्हटलं, समोर बघून चाल. प्रश्न लिहून ठेवते.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. आमरस झाला. आंबा बरा होता, साखर जास्त.

योगेश आला होता. त्याला नवे नियम सांगितले, त्याने लिहून घेतले. एक, चालीचे पंच दोन, एक ऐकणारा, एक बघणारा. दोन, शर्यत झाल्यावर अंधार पडेपर्यंत कुणालाही हरकत घेता येईल, बायडाबाईलासुद्धा. तोवर ट्रॉफी द्यायची नाही, ढोल वाजवायचा नाही. तीन, कमिटीत एका घरची दोनच माणसं. हा तिसरा लिहिताना त्याचं पेन चाललं नाही. मी दुसरं पेन दिलं.

"आणि ऐकायला तुम्हीच ना आजी?"

"नाही. भिकाला बसव. तो घोडी पळवणार असेल तर राजला. पण मी नाही."

"का? कान तर..."

"कान ठीक आहेत. मला दुसरं काम आहे."

पुढच्या मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन. हर्षालीने ठरवून टाकलं आहे. मी हो म्हटलं. दहा मिनिटांचं काम असतं म्हणे, एवढ्यात चहा पण होत नाही नीट. उद्या डॉक्टरला ही वही दाखवायची आहे, असं ती म्हणते. मी म्हटलं, तो मद्रासकडचा माणूस, त्याला काय वाचता येणार? ती म्हणाली, वाचायची नाही, नुसती आडवी धरून ओळी किती खाली उतरल्या ते बघायचं. दोघांनाही एकच खूळ.

देण्याआधी शेवटच्या पानातली शंभराची नोट काढून घ्यायची आहे, विसरायला नको. ती पुढच्या चैत्रासाठी आहे, भिकाच्या घोडीवर. पंच नसलं की लावता येतात. कठड्याला उभी राहीन, बायडाबाईच्या शेजारी, आणि घशातून आवाज जाईपर्यंत ओरडेन. पिशवी उडाली तर शंभर गेले. पण बाद कोण, ते त्या दिवशी मला कुणी विचारणार नाही.